शरीराचा खालचा भाग

आमच्या हॅल्डर्टन गावात आइस हॉकीच्या खेळाडूला गुडघा नसतो. खांदा नसतो, बरगडी नसते, कोपरही नसतं. त्याला दोनच अवयव असतात: शरीराचा वरचा भाग आणि शरीराचा खालचा भाग. खेळाडू जायबंदी झाला की क्लब या दोहोंपैकी एक जाहीर करतो आणि त्यापुढे कोणी काही विचारत नाही. कारण सरळ आहे. कुठे लागलंय ते समोरच्या संघाला कळलं, तर ते नेमके तिथेच मारणार. त्यांच्या खेळाडूला कुठे लागलंय ते आम्हाला कळलं तर आम्हीही तेच करतो, तेव्हा या धोरणाच्या शहाणपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

रीस वोलोशिन माझ्याकडे राहायला आला तो नोव्हेंबरात. आमचा क्लब खेळाडूंना पगार देतो, पण त्या पगारात घरभाडं बसत नाही, म्हणून गावकरी त्यांना घरी ठेवून घेतात. माझी बायको मॅरियन सप्टेंबरात गेली. क्लबच्या निवास समितीच्या दोघी सांत्वनाला आल्या. येताना भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं आणलं, थोडं रडल्या, भांडं परत द्यायची घाई नाही म्हणाल्या आणि जाताना तिची शिवणाची खोली केवढी आहे ते बघून गेल्या. रीसची बॅग आली तेव्हा भांडं अजून माझ्याकडेच होतं.

पोरगा एकवीस वर्षांचा. समोरचे दोन दात नव्हते. भांडी घासायचा, रस्त्यावरचा बर्फ फावड्याने ओढायचा, आणि मोठ्या क्लबकडून कधी बोलावणं येतंय याची वाट बघायचा. त्या बोलावण्यासाठी तो पाच वर्षांचा असल्यापासून पहाटे उठत आला होता.

फेब्रुवारीत पाइनक्रॉस गावाविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या एका दांडगटाने त्याला मागून मैदानाभोवतीच्या कठड्यावर आपटलं. हेल्मेट एकीकडे गेलं, रीस एकीकडे. डोकं आपटल्याचा आवाज सगळ्यात वरच्या रांगेत बसलेल्या मला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तो गॉगल लावून न्याहारीला बसला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "या कोण, मिस्टर फ्रीसन?"

"माझी बायको. मॅरियन. सप्टेंबरात गेली."

"अरेरे! मला माहीतच नव्हतं. फार वाईट झालं."

कॉफी संपायच्या आत त्याने हेच आणखी दोनदा विचारलं. बाकी गावाने माझं एकदाच सांत्वन केलं होतं. रीसने तीनदा केलं आणि तिन्ही वेळा मनापासून.

मी क्लबचा व्यवस्थापक लॉर्न याला फोन लावला. आम्ही दोघे शाळेपासूनचे.

"लॉर्न, पोराच्या डोक्याला..."

"ए! फोनवर अवयवाचं नाव घेऊ नकोस."

"अरे, त्याला काही आठवत नाहीये."

"मग चांगलंच आहे की. गुपित त्याच्याकडून तरी फुटणार नाही."

क्लबने 'वरचा भाग' जाहीर केला. पण पाइनक्रॉसच्या लोकांनी हेल्मेट उडताना पाहिलं होतं. वरचा भाग म्हणजे कोणता, हे ते ओळखणार. म्हणून संध्याकाळी दुरुस्ती निघाली: शरीराचा खालचा भाग. आणि जाहीर केलेलं खरं दिसावं म्हणून रीसला लंगडायला सांगण्यात आलं.

डोकं आपटताना सगळ्या गावाने पाहिलं होतं. ही अडचण होती, पण गावाने ती स्वतःच दूर केली. दोन दिवसांत कॉफीच्या दुकानात सगळ्यांना गुडघा आठवू लागला.

"मी अगदी समोर बसले होते," दुकान चालवणारी डोरीन म्हणाली. "कसा मुरगळला बाई तो! कट्कन आवाज झाला."

"डोरीन, त्या दिवशी तू इथे डोनट तळत होतीस," मी म्हणालो.

"वॉल्ट, तुला हल्ली एकटं राहून काहीही वाटायला लागलंय," ती म्हणाली आणि मला एक डोनट फुकट दिला.

मग मी रीसला घेऊन क्लबच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर एप सज्जन माणूस. त्यांनी गुडघा तपासायला घेतला.

"डॉक्टर, माझं डोकं दुखतंय," रीस म्हणाला. "उजेड सहन होत नाही. उलटी होते."

"असं होतं कधीकधी. गुडघ्याचं दुखणं वर चढतं."

"त्याच्या डोक्याची तपासणी करा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "मिस्टर फ्रीसन, डोक्याचं यंत्र शहरातल्या इस्पितळात आहे. तिथल्या एका नर्सचं माहेर पाइनक्रॉसचं. शिवाय मला कळवलेला अवयव गुडघा आहे. जो अवयव मला कळवलेलाच नाही, त्याच्यावर मी उपचार कसा करू?"

गुडघ्यावर उपचार सुरू झाले. रोज बर्फ, रोज मालीश, रोज पाय वाकवणं. आठवड्याभरात त्या धडधाकट गुडघ्याला खरोखरच सूज आली. क्लबमध्ये समाधान पसरलं. जाहीर केलेलं अक्षरशः खरं ठरलं होतं, आणि आमच्या क्लबच्या बाबतीत हे वारंवार घडत नाही. प्रशिक्षकांनी इतर खेळाडूंसमोर रीसच्या लंगडण्याचं कौतुक केलं. शिस्त म्हणजे काय, ते या पोराकडून शिका म्हणाले.

मार्चअखेर सूज उतरली. गुडघा बरा, म्हणजे खेळाडू बरा. डोक्याबद्दल कोणाची काही तक्रारच नव्हती. डोक्याला काही झालं असतं तर कोणीतरी त्यावर उपचार केले नसते का? बाद फेरीचा शेवटचा सामना पाइनक्रॉसशीच होता, आणि मोठ्या क्लबचा माणूस तो बघायला येणार होता.

सामन्याच्या दिवशी दुपारी रीस स्वयंपाकघरात पडदे ओढून बसला होता. आइस हॉकीत चेंडूऐवजी चकती असते; ती मारायच्या काठीच्या टोकाला तो चिकटपट्टी गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

"नाही जमणार म्हणून सांग त्यांना," मी म्हणालो.

"सांगितलं की माझं नाव गेलं. माझ्या मागे अठरा वर्षांचा एक उभा आहे, मिस्टर फ्रीसन. त्याचे अजून सगळे दात शाबूत आहेत."

"पुन्हा लागलं तर?"

"नाही लागणार." चिकटपट्टी पुन्हा सोडत तो म्हणाला, "चकत्या मला दोन दिसतात. पण मी आता ओळखायला शिकलोय. डावीकडची खरी असते."

पुन्हा लागलं तर काय होतं, हे आमच्या गावाला चांगलं माहीत आहे. इथल्या एका जुन्या खेळाडूचं नाव गावाने रस्त्याला दिलंय. त्या रस्त्यावर त्याचं घर आहे, आणि ते त्याला सापडत नाही. त्याची बहीण त्याला हाताला धरून नेते. लोक त्याला बघून टोप्या काढतात.

मी लवकर मैदानावर गेलो आणि लॉर्नला दारातच गाठलं. "त्याला उतरवू नकोस. डोक्याला पुन्हा एक धक्का बसला तर पोरगा कायमचा कामातून जाईल."

"कोणाच्या डोक्याला? क्लबमध्ये डोक्याची एकही दुखापत झालेली नाही," लॉर्न म्हणाला. मग आवाज खाली आणून, "वॉल्ट, मी काय राक्षस आहे का? पोराला त्याची संधी मिळू दे. मॅरियन असती तर म्हणाली असती, खेळू दे त्याला."

मॅरियनने चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून प्रत्येक मारामारीला डोळे मिटून घेतले होते. पण मेलेल्या माणसाचं मत हल्ली कोणीही सांगतं.

रीस उतरला. पहिला अर्धा तास तो कठड्यापासून लांब राहिला. कठड्याजवळची चकती सोडून द्यायचा. आमच्या रांगेतून हुर्यो सुरू झाली. "घाबरट! झालर लावा त्याच्या चड्डीला!" माझ्या पुढे डोरीन दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती, "गुडघा बरा झालाय ना रे? मग जा की अंगावर!"

तिसऱ्यांदा हुर्यो झाली तेव्हा रीसने वर आमच्याकडे पाहिलं आणि तो कठड्याकडे निघाला. मी उभा राहिलो. अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडलो, "त्याच्या डोक्याला लागलंय! बाहेर काढा त्याला! डोक्याला लागलंय!"

हुर्यो थांबली. डोरीनने मागे वळून माझी बाही ओढली. "गप्प बस ना मेल्या! त्यांना ऐकू जाईल!"

ऐकू गेलंच. पाइनक्रॉसच्या बाकावरून एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

पुढचं फार लांब चाललं नाही. रीस पडला, बराच वेळ पडून राहिला, मग उठला. रिवाजाप्रमाणे दोन्ही संघांनी बर्फावर काठ्या आपटल्या. गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच रीस हळूहळू सरकत गेला आणि पाइनक्रॉसच्या बाकावर जाऊन बसला. तिथल्या एकाने त्याला जागा करून दिली.

क्लबने 'वरचा भाग' जाहीर केला. गुपित फोडल्याबद्दल समितीने माझं सीझन तिकीट रद्द केलं. आता धोरणाच्या बाजूने पुरावाही आहे: एकदाच अवयवाचं नाव उघड झालं आणि बघा, त्यांनी तिथेच मारलं. मोठ्या क्लबचा माणूस जाताना म्हणाला, पोरगा चिवट आहे, पण आम्हाला अठरा वर्षांचा हवा.

रीसची आई गाडी चालवत त्याला न्यायला आली. माझ्या दारात खाली बसून तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तो तिला अदबीने थँक्यू म्हणाला. मला म्हणाला, "तुमचं घर छान आहे."

ही हकिगत मी बाहेरगावच्या नातेवाइकांना सांगितली, बसमध्ये शेजारी बसलेल्यांना सांगितली. सगळे लक्ष देऊन ऐकतात. पोराचं फार वाईट झालं म्हणतात. मग चाचरत, जरा लाजतच, एक गोष्ट विचारतात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, सगळेच विचारतात. म्हणून तुमच्यावर विचारायची वेळ न आणता सांगून टाकतो.

चार-तीन. आम्ही जिंकलो.