मथुराबाईंची मुदतपूर्व प्रसन्नता

दुःख ही शासकीय दृष्टीने अत्यंत शिस्तप्रिय गोष्ट आहे. येताना ते कोणाची परवानगी घेत नाही, पण जाताना त्याला रीतसर सहा आठवडे लागतात. (परिपत्रकात तसे स्पष्ट म्हटले आहे.)

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या साली गावोगावी लोकांच्या मनाची विचारपूस करायचे ठरले आणि दारव्ह्याच्या समितीवर सचिव म्हणून पुंडलिकराव आले. ते मूळचे कृषी खात्याचे. बावीस वर्षे पिकांचे पंचनामे केलेला माणूस मनाचाही करील, हा वरचा विचार योग्यच होता. वेळ वाचावा म्हणून त्यांनी पीकनुकसानीचाच फॉर्म घेतला आणि ‘पीक’ खोडून ‘मन’ लिहिले. ‘कोरडवाहू की ओलिताखालील’ हा रकाना तसाच राहिला. मग जे रडत ते ओलिताखालील आणि जे नुसते बसून असत ते कोरडवाहू, असा त्यांनी अर्थ लावला. (अडतीस गावांतून एकही हरकत आली नाही.)

मथुराबाई कोरडवाहू होत्या. तीस वर्षे त्यांनी जिनिंगमध्ये कापूस निवडला होता आणि संध्याकाळी विहारात भीमगीते म्हटली होती. दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या, त्या निजल्याच. पुंडलिकराव पंचनाम्याला गेले तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. सुनेने, ममताने, दोन डॉक्टर केले. दोन प्रकारच्या गोळ्या महिनोन् महिने दिल्या. फरक पडेना, जेवणही सुटत चालले. शेवटी समितीच्या ‘विशेष उपचार’ या सदरातून तिने त्यांना यवतमाळला मनोविकारतज्ज्ञ डॉ. रुपाली यांच्याकडे नेले.

सोमवारी मथुराबाईंना सलाइन लावले. त्यात ऑपरेशनआधी भूल द्यायचे जे औषध असते तेच, पण अगदी थोडे, चाळीस मिनिटे, डॉक्टरांच्या नजरेखाली. मंगळवारी सकाळी मथुराबाई उठल्या, अंघोळ केली आणि चहात साखर कमी आहे म्हणाल्या. ममता तिथेच रडू लागली. (तिची नोंद ओलिताखालील अशी घेण्यात आली.)

पुंडलिकरावांना हे नियमबाह्य वाटले. फॉर्ममध्ये पहिल्या पंधरवड्यात ‘किंचित’, दुसऱ्यात ‘बऱ्यापैकी’ आणि तिसऱ्यात ‘समाधानकारक’ सुधारणा छापलेली होती. ‘मंगळवार’ असा रकानाच नव्हता. खुलासा मागायला ते यवतमाळला गेले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाटेने जातात आणि मन सावरायला आठवडे घेतात. हे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाची वाट धरते. मेंदूत काही पेशींचे कामच इतर पेशींना गप्प बसवायचे असते. औषध आधी त्यांनाच गप्प करते. मग ग्लुटामेट उसळते, निजलेल्या पेशी जाग्या होतात आणि पोषण देणारे एक प्रथिन तयार करतात. दीर्घ दुःखाने झडून गेलेले पेशींमधले सांधे दिवसभरात पुन्हा फुटू लागतात. अर्थात, हे नेमके असेच घडते की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, हेही त्यांनी सांगितले.

पुंडलिकराव चकित झाले. एकमत नसताना काम होते, हे त्यांनी प्रथमच ऐकले. त्यांच्या कार्यालयात संपूर्ण एकमत होते.

“पण एका डोसचा असर साधारण आठवडाभरच टिकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “येत्या सोमवारी दुसरा द्यावाच लागेल. नाहीतर त्या परत भिंतीकडे वळतील.”

दुसऱ्या डोसच्या मंजुरीला तीन पाक्षिक अहवाल लागत. म्हणजे सोमवारच्या आत सहा आठवडे उलटणे आवश्यक होते.

शुक्रवारी मथुराबाई स्वतः कार्यालयात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

“साहेब, मी मंगळवारी बरी झाली. तुमचा कागद कधी बरा होते?”

पुंडलिकरावांनी तीन कोरे फॉर्म काढले आणि पहिल्या पंधरवड्यात कसे वाटत होते, ते विचारले. दोन वर्षांत हा प्रश्न मथुराबाईंना कोणी विचारलाच नव्हता.

“भितीले एक भेग होती. मी तिच्याच संगं राहे. भूक लागे, पन ते माही नाही, दुसऱ्या कोनाची वाटे.”

पुंडलिकरावांनी फाइलमधून जुना पंचनामा काढला. त्यात त्यांनी याच बाईच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले होते. ते त्यांनी खोडले आणि तिचे वाक्य जसेच्या तसे उतरवले.

दुसऱ्या पंधरवड्यासाठी मथुराबाईंनी नुसते गुणगुणून दाखवले. तिसऱ्यासाठी त्यांनी अख्खे गाणे म्हटले आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला. (कार्यालयीन शिस्तभंग : एक. दुर्लक्षित.) जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा आठवडे पूर्ण झाले. तिन्ही अहवालांवर तारीख त्याच शुक्रवारची पडली. खोटी तारीख घालणे पुंडलिकरावांच्या स्वभावात नव्हते. वर तारखा कोणी वाचत नाही, हे मात्र अनुभवात होते.

सोमवारी दुसरा डोस मिळाला, पुढचेही मिळाले. मथुराबाई आता विहारात गातात आणि मागे पडणाऱ्यांना दटावतात.

समितीच्या वार्षिक अहवालात शेवटी एक तक्ता आहे. मथुराबाई दोन वर्षे निजून होत्या, त्याचा पुरावा मागणारे : निरंक. त्या उठून बसल्या, त्याचा पुरावा मागणारे : अकरा. बारावी ओळ कोरी ठेवली आहे. मघाशी मंगळवारच्या अंघोळीपाशी ज्या वाचकांच्या भुवया वर गेल्या, त्यांनी तिथे सही करावी.