अग्निशमन दलाचा वेगवान लॅपटॉप

माणूस कलिंगड घेताना टिचकी मारतो, बैल घेताना दात बघतो आणि लॅपटॉप घेताना त्याच्यावरचा स्टिकर वाचतो. तिन्हींत तिसरी परीक्षा सर्वात लवकर आटोपते, म्हणून तिला आधुनिक म्हणतात.

ऑस्ट्रेलियातल्या यॉर्क द्वीपकल्पावरच्या एका गव्हाच्या गावात स्वयंसेवी अग्निशमन दल होतं. या दलाने मात्र घाई केली नाही. आधी उपसमिती नेमली. अध्यक्ष कीथ पास्को. याची हयात धान्याच्या कोठारावर ट्रक तोलण्यात गेली होती. सभासद कॉल हॅनफर्ड. याचं कुठल्याही विषयावर मत तयार असे आणि विषय मागाहून आला तरी चाले. चिटणीस लॉर्ना ट्रेवॉरो; हिने एकतीस वर्षं आसपासच्या शेतांवर टपाल वाटलं होतं. कुणाचं फाटक कुलूपबंद असतं, कुणाच्या टाकीत पाणी असतं, हे तिला पाठ होतं. ते सगळं नकाशावर चढवून लॅपटॉपमध्ये ठेवायचं, अशी योजना होती. कामाला आधुनिक वळण लागावं म्हणून भिंतीवरचा कागदी नकाशा आगाऊच उतरवण्यात आला.

उपसमितीच्या चार बैठका झाल्या. एकूण अकरा तास. (पैकी साडेतीन तास पेस्टी, म्हणजे तिकडची खिम्याची भाजकी करंजी, गरम होण्याची वाट पाहण्यात. तो वेळ सर्वात सत्कारणी लागला, असं इतिवृत्तावरून दिसतं.)

"दोन टेराबाइट!" दुकानाचं पत्रक फडकवत कीथ म्हणाला. "एवढी जागा असल्यावर पळेल नाही तर काय!"

"अरे कीथ, शेड मोठी बांधली म्हणून ट्रॅक्टर जोरात पळतो का?" लॉर्ना म्हणाली. "ती जागा म्हणजे आपल्या हॉलमधलं फडताळ. काम ओट्यावर होतं. ओटा म्हणजे रॅम, आणि ती इथे चारच जीबी आहे. एक पेस्टी लाटली की दुसरीला जागा नाही."

"ओटा पुसून घेऊ की," कॉल म्हणाला. "आणि ह्याच्या प्रोसेसरच्या नावात सात आहे, लॉर्ना. शेजारच्या दलाचा पाचाचा आहे."

"ह्याचा सात नऊ वर्षांपूर्वीचा आहे रे बाबा. त्यांचा पाच यंदाचा."

"सात तो सात," कीथ म्हणाला. "मी चाळीस वर्षं आकड्यांत काढलीत."

मतदान झालं. हरकत घेण्यासाठी लॉर्नाने हात वर केला. इतिवृत्तात तिची नोंद अनुमोदक म्हणून झाली. ते इतिवृत्त तिनेच लिहायचं होतं. कीथने सांगितलं तसं तिने लिहिलं. घरी जाताना तिला स्वतःचा राग आला, पण राग नोंदवायला रकाना नव्हता.

लॅपटॉप आला. त्याच्यावर सहा स्टिकर होते. (एकावर 'विजेचा वेग' असं होतं. हे खोटं नव्हतं. प्लगमधली वीज खरोखरच त्या वेगाने येत होती.) सुरू व्हायला तो एकोणीस मिनिटं घेई. कीथ याला 'दमदार सुरुवात' म्हणे.

डिसेंबरात, कापणीच्या ऐन भरात, एका दुपारी पावणेदोनला ब्रेंटन हाइनरिकच्या शेतात कापणीयंत्राची ठिणगी धसकटांत पडली. उन्हाचा पारा एकेचाळीसवर, वारा उत्तरेचा. कॉलला घेऊन बंब निघाला. लॉर्ना दलाच्या शेडमध्ये लॅपटॉपसमोर बसली, रेडिओ घेऊन कीथ तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिने बटण दाबलं.

"कुठल्या फाटकाने जायचं?" रेडिओवरून कॉलचा आवाज आला.

"थांब, तयार होतोय," कीथने कळवलं.

पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत होती. मग अद्ययावत करण्याचं काम सुरू झालं, बारा टक्के. मग विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या तीन वेगवेगळ्या रक्षकांनी आपापली ओळख करून दिली. खिडकीतून धूर दिसायला लागला होता.

"लॉर्ना, फाटक!" कॉल आता ओरडत होता. "पूर्वेच्या फाटकाला कुलूप आहे. आम्ही परत फिरलोय!"

लॉर्नाने कीथच्या हातातला रेडिओ ओढून घेतला.

"लॉर्ना, नियमाप्रमाणे नकाशा पाहिल्याशिवाय…"

"गप बस, कीथ!" चाळीस वर्षांच्या ओळखीत ती पहिल्यांदा असं बोलली. "कॉल, ऐक. टपालपेटी हिरवी आहे ना, तिच्या पुढून डावीकडे वळ. तारेचं फाटक, नुसती साखळी आहे. आत शिरलास की टेकाडामागे टाकी, भरलेली असते."

आग तीन वाजता आटोक्यात आली. गवताची शेड गेली आणि बावीस मेंढ्या गेल्या. ब्रेंटनची आई घराच्या पायरीवर बसून होती, घर वाचलं. कुलपापाशी फुकट गेलेल्या सात मिनिटांत मेंढ्या वाचल्या असत्या, हे सगळ्यांना कळलं होतं.

ब्रेंटनच्या शेतावर जाऊन लॉर्ना दलाच्या शेडमध्ये परतली तेव्हा अद्ययावत करणं संपून लॅपटॉप नुकताच तयार झाला होता. पडद्यावर लिहिलं होतं: 'स्वागत, कीथ.' लॉर्नाने झाकण मिटलं, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ धूत राहिली.

चौकशी समिती बसली. तिने यंत्राला निर्दोष ठरवलं, कारण आगीत त्याला कुठलीही इजा झालेली नव्हती. मात्र दुसरं यंत्र घ्यावं अशी शिफारस केली, आणि लॉर्नाला लेखी मार्गदर्शन मागितलं. तिने चार ओळी लिहून दिल्या:

प्रोसेसर कुठल्या साली निघाला ते बघा, नावातला आकडा नाही.
रॅम किमान सोळा जीबी.
साठवण एसएसडी हवी, फिरती तबकडी नको.
आपोआप सुरू होणारे फालतू प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी काढा.

कीथने ओळी मोठ्याने वाचल्या. सभेने टाळ्या वाजवल्या, आभाराचा ठराव केला आणि कागद फाइलला लावला.

"छानच," कॉल म्हणाला. "पण निळ्या रंगात मिळेल ना?"

त्यावर पाऊण तास चर्चा झाली. लॉर्नाने तोही पाऊण तास लिहून काढला.

तिच्या त्या चार ओळी वाचकानेही आत्ताच वाचल्या आहेत. वर न बघता ज्याला तिसरी सांगता येईल, त्याने खुशाल दुकानात जावं. बाकीच्यांनीही जायला हरकत नाही, निळ्यात मिळतो.