तीन उद्गारचिन्हं

आमच्या साकोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या लांजेवार सरांनी प्रोग्रामिंगची एक अख्खी भाषा घरी बसून रचली, आणि तीही केवळ प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हासाठी.

प्रोग्राममध्ये प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. आम्ही शिकवतो त्या भाषांमध्ये या नावात अक्षरं चालतात, आकडे चालतात, फार तर खालची रेघ. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह घातलं की मशीन अडून बसतं. एका भाषेत शेवटी एखादं चालतं, पण सरांना ते मधेही हवं होतं आणि लागोपाठही.

"चिन्हाबिगर नाव म्हंजे मिठाबिगर वरण," डबा उघडताना ते म्हणायचे.

"नावाले चव कायले पाहिजे, सर?" मी चिडवायचो.

"पाहिजे ना जी!"

उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली, दिवाळीची गेली. नावात उद्गारचिन्ह पहिल्यांदा चाललं त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला चहा पाजला. मी तर हात टेकले.

हे सगळं सुरू होण्याआधीच लकव्यानं सरांच्या बायकोची, आमच्या वहिनींची, वाचा गेली होती. सानगडीला, सरांच्या गावी, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांना रस्त्यावरूनच हाका मारणारी ही बाई, मागच्या मंडईला आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. सर एकटेच पाणी देत होते.

यंदाच्या मंडईला गेलो, तर वहिनी ओसरीवर! मांडीवर कीबोर्ड. मला पाहून डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी एक कळ दाबली.

"आले का जी? बसा ना!" बाजूचा स्पीकर बोलला. आवाज मशीनचा, पण हेल थेट वहिनींचा.

"एक कळ म्हंजे एक काम. मशीन त्या कामाचं नावच वाचते, सर," लांजेवार सर सांगू लागले. "वहिनी तुमची एका हातानं नाव टाइप करते, का कळ तयार. चिन्ह नसलं तं मशीन टेशनावरच्या बाईसारखं सपाट बोलते. ही कधी तशी बोलली का?"

एवढी मोठी विद्या या माणसानं बायकोच्या हेलासाठी पणाला लावली होती, आणि आम्ही हसत होतो.

सर आणखी समजावणार, तोच वहिनींनी दुसरी कळ दाबली.

"पुरे ना आता!!! पाहुण्याले आयते वाढा!"

सर तांदळाची ती गरम धिरडी आणायला लगबगीनं उठले. दारात थांबून मला हळूच म्हणाले, "तिनंच टाकले ते तीन उद्गारचिन्ह. घर लय चूप झालं होतं जी."

आणि आत न जाता स्पीकरकडे कान देऊन तिथंच उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तीच कळ पुन्हा दाबली.