वरणात मीठ नाही

आमचे शेजारी बसप्पा, गल्लीचे अप्पा, बायकोशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही. लग्न झालं तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. वडीलधारे गेले, रीत राहिली. काकू हातभर अंतरावर असल्या तरी निरोप तिसऱ्याच्या तोंडून जातो. एकदा गॅसची टाकी आणणाऱ्यालाच त्यांनी थांबवलं. "म्हणावं, माझा चष्मा कुठं हाय?" तो काही बोलायच्या आत काकू त्याला म्हणाल्या, "म्हणावं, कपाळावर हाय."

उदगीरचं आडत दुकान मुलावर सोपवून दोघं लातुरात आले, तेव्हापासून तिसरा मी. त्यात मी क्लासमध्ये कम्युनिकेशन शिकवतो. 'मनातलं समोरच्याच्या मनात जसंच्या तसं पोचणं' अशी व्याख्या अप्पांना ऐकवली, तर म्हणाले, "ह्याची फी घेता व्हय, सर?"

अप्पांचे निरोप म्हणजे निव्वळ तक्रारी. भाकरी जाड, चहा पाणचट. परवा जेवताना म्हणाले, "म्हणावं, वरणात मीठ न्हाई. ध्यान कुठं असतंय?"

आत कुकर शिट्ट्या मारत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि मला खोडी सुचली. "काकू, अप्पा म्हणतात, वरण फक्कड झालंय."

मला वाटलं, लाजतील. त्या तशाच बाहेर आल्या. अप्पांच्या ताटातलं वरण बोटानं चाखलं. अप्पांच्या कपाळावर हात ठेवून थेट त्यांनाच म्हणाल्या, "काय व्हायलंय तुम्हाला? छातीत दुखतंय?"

काकू माझ्याकडं वळल्या. "रिक्षा बोलवा, सर. मागं झटका आला त्या दिवशी बी असंच. समदं चांगलं झालंय म्हणले, अन् हात धुवायला उठले तर पडले."

फरशी दुभंगून मला पोटात घेईना. "काकू, ते मीठ नाही असंच म्हणाले होते. फक्कड मी म्हणालो."

काकू मटकन खाली बसल्या. "असं करू न्हाई, सर. हे खोट काढत असले, की माझ्या जिवाला घोर नसतो." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

अप्पा मला शिव्या देतील म्हणून मी उभा होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं वळलेच नाहीत.

"रडू नको," ते काकूंना म्हणाले. मग हळू आवाजात, "भात बी कच्चा हाय."

ताटातला भात चांगला मऊ शिजलेला मला दिसत होता.