सड्यावरच्या तीन पेट्या

"सूर्यनारायणाला मी रोज हात जोडते, डॉक्टर. आणि आता त्याला डाळ शिजवायला लावू? पाप लागेल मला!" असं म्हणून दवाखान्याच्या स्वयंपाकीण सगुणाबाईंनी पदर खोचला आणि नव्याकोऱ्या तीन पेट्यांकडे पाठ फिरवून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

डॉक्टर दामल्यांनी कपाळाला हात लावला. आतून काळ्या रंगाच्या, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा अशा तीन सूर्यचुली त्यांनी रत्नागिरीहून एसटीच्या टपावर घालून आणल्या होत्या. "डॉक्टर, दाढीची दुकानं काढताय काय तीन-तीन?" असं कंडक्टरने भर गाडीत विचारलं होतं. तेही त्यांनी हसून घेतलं होतं. गरज त्यांना होती, कंडक्टरला नव्हती.

आगरवाडीचा हा बारा खाटांचा दवाखाना भिकाशेट मयेकरांनी आपल्या आईच्या नावाने बांधलेला. शेट मुंबईत मसाल्याचे व्यापारी, पण जीव गावात. दवाखान्याची चूल मात्र लाकडावर चाले, आणि चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत आसपासचे डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी बोडके केलेले. जळाऊ लाकूड मिळेना. शेटनी मुंबईत बसून तोड काढली. अंगणातला जुना बरका फणस तोडायचा. खोड सुताराला, फांद्या चुलीला.

ते ऐकताच डॉक्टरांनी मुंबईला फोन लावून उन्हावर स्वयंपाक करायची कल्पना मांडली होती. ते नवीन आले तेव्हा सिमेंटच्या त्या खोलीत पाऊल टाकायला माणसं भीत. "आत गेलेला आडवाच बाहेर येतो," अशी ख्याती. शेवटी डॉक्टरांनी खुर्ची उचलली आणि फणसाखाली मांडली. हळूहळू माणसं सावलीला आली आणि सावलीला आलेली नाडी दाखवून गेली. दवाखाना शेटनी बांधला हे खरं, पण चालवला फणसाने.

"झाड म्हणजे काय औषध आहे, डॉक्टर?" शेटनी ट्रंककॉलवर विचारलं होतं. "बरं, तुमचं मन मोडत नाय. मे महिन्यात आम्ही दोघं येतोच आहोत. उन्हावर शिजलेला भात माझ्या पानात वाढलात तर फणस राहिला. नाय वाढलात तर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड!"

आता गंमत अशी, की जो फणस वाचवायचा त्याचीच सावली अंगणभर. पेट्या इकडे ठेवल्या तरी सावली, तिकडे ठेवल्या तरी सावली. शेवटी शिवा वॉर्डबॉयने त्या डोक्यावर घेतल्या आणि दवाखान्यामागच्या सड्यावर, उघड्या माळावर नेल्या. तिथे काळ्या कातळावर ऊन असं तापतं की म्हशीसुद्धा दुपारी फिरकत नाहीत. दोन-तीनदा करून पाहिलं. भात मऊसूत झाला, डाळ गळली. सगुणाबाईंनी नाक मुरडत का होईना, चव घेतली. तक्रार केली ती फक्त पेशंटांनी. "डाक्तर, भाताला धुराचा वास नाय. औषध-बिवषध घातलंव काय?"

डॉक्टर इतके खुशीत आले की त्यांनी लाकडाची खोली झाडून घेतली, उरलंसुरलं सरपण वाटून टाकलं आणि भिंतींना चुना लावला. शेटना दाखवायला!

शेट ठरल्या दिवशी आले, पण तासभर आधीच. पांढरी अँबॅसिडर धूळ उडवत आत शिरली आणि तडक फणसाखाली जाऊन उभी राहिली.

"तिथं नको हो लावू!" सगुणाबाई खिडकीतून ओरडल्या. "वरचा पिकलाय!"

"मग काय उन्हात भाजून घेऊ?" ड्रायव्हर म्हणाला.

"राहू दे रे. जिथे सावली तिथे गाडी," शेट उतरत म्हणाले. तोडायला आलेल्या झाडाखाली गाडी लावून शेट घाम पुसत होते. डॉक्टरांना मनातल्या मनात बरं वाटलं. भात नुकताच सड्यावर चढला होता, राखणीला शिवा होता. काळजीचं कारण नव्हतं.

"शहाळं मिळेल काय हो, डॉक्टर?" शेटच्या पत्नी येसूबाईंनी विचारलं.

"न मिळायला काय झालं? शिवा! ए शिवा! माडावर चढ!"

राखणीचा माणूस आपणच माडावर चढवला, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं ते जेवायची वेळ झाल्यावर. ते पायात चप्पल सरकवत सड्यावर पळाले. पहिल्या पेटीची काच उघडली. आत ताटात आंबापोळी. दुसरीत सांडगी मिरची. तिसरी उघडली मात्र, आणि सुक्या जवळ्याचा असा भपकारा आला की डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

"अरे देवा! भात कुठाय?"

"हा बघा, हा बघा. जिवापाड सांभाळलाय!" करवंदीच्या जाळीच्या सावलीतून गोदा उठली. तिची सासू दोन दिवसांपूर्वीच पाय मोडून दवाखान्यात आली होती, म्हणून तिचा मुक्काम तिथेच. तिने मोठ्या कौतुकाने टोपली उचलली. खाली दवाखान्याचे काळे डबे ओळीने मांडलेले, आणि डब्यांत पाण्यात बुडालेले तांदूळ नि डाळ. "डाक्तर, तुमची मानसं येडी की खुळी? भर उन्हात भात ठेवून गेली! सांजपर्यंत आंबून फुकट गेला असता. मी काढला नि सावलीत ठेवला. कावळा शिवू नये म्हनून वर टोपली घातली."

"अगो बाई, तो शिजत होता!"

"चुलीबिगर?" गोदाने डॉक्टरांकडे असं पाहिलं, की हा माणूस आपल्या सासूचा पाय नीट बसवील की नाही याची तिला आता शंका येत होती. "मग पेट्या मोकळ्या पडल्या. म्हटलं, काय झ्याक हायत! वरून ऊन लागतंय, कावळा येत नाय, माशी बसत नाय. माझी पोळी घातली. जावेला हाक मारली, तिनं मिरच्या आनल्यान. जवळा शेजारनीचा."

तिला रागवायचं तरी कशाबद्दल? मे महिन्यात कोकणातली बाई रिकामं ऊन बघूच शकत नाही. डॉक्टर मटकन कातळावर बसले, चटका लागला तसे उठले. "गोदाबाई, हा भात शिजला नाही तर उद्या फणस तुटणार!"

"फनस? आनी मी निजू कुठं? सगळी मानसं निजतात कुठं?" गोदाचे डोळे मोठे झाले. "थांबा!"

ती डबे घेऊन उतरली. सगुणाबाईंच्या चुलीत एक काटकी नव्हती, लाकडाच्या खोलीला डॉक्टरांनी चुना लावून ठेवला होता. गोदा घरी धावली आणि चुडतांचा मोठा भारा, वर टोपलीभर नारळाची सोडणं घेऊन आली. माडाची वाळकी चुडतं ती, भडाभडा पेटली. भात रटरटू लागला. पण ओली-सुकी सोडणं आत जाताच दाट पांढरा धूर निघाला आणि कौलांतून थेट फणसाखाली बसलेल्या शेटच्या नाकाशी आला.

"डॉक्टर, धूर कसला हो?"

डॉक्टर जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे तोंडाला येईल ते बोलले. "बाळंतिणीला धुरी देतायत."

"अय्या, बाळंतीण आहे?" येसूबाई उठल्याच. "मुलगा की मुलगी? माझ्या पिशवीत टोपडं आहे नातवासाठी घेतलेलं. तेच देते!"

"नको! म्हणजे... आत्ता नको काकी!"

"धुरीला मला कसली बंदी? चार लेकरांची आई आहे मी." आणि त्या चालू लागल्या. बायकांच्या खोलीत त्या दिवशी एकच पेशंट होती, ती म्हणजे गोदाची सत्तरीची सासू.

येसूबाई बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाकाला काजळी आणि टोपडं हातातच. शेटशेजारी बसत त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळाला वास मात्र आंबेमोहराचा येतोय."

शेटना काही कळलं नाही. डॉक्टरांना सगळं कळलं, आणि ते पान मांडायला पळाले.

जेवण झकास झालं. वाफाळता भात, डाळ, वर सड्यावरून आणलेली सांडगी मिरची तळून. शेटनी दोनदा भात घेतला, ढेकर दिला आणि डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुम्हाला! उन्हाच्या भाताची चवच न्यारी! मी काय म्हणतो, तीन पेट्यांनी काय होतंय? आणखी दहा घेऊ. सगळ्या इथे अंगणात मांडू, बघणाऱ्याने बघत राहावं!" मग ते वर बघून थांबले. "पण इथे ऊन कुठाय? छे! म्हणजे फणस तोडावाच लागणार."

डॉक्टरांनी ताकाची वाटी खाली ठेवली. भात शिजला नाही तर कुऱ्हाड, शिजला तरी कुऱ्हाड! एवढं खोटं बोलून पदरात काय पडलं?

"शेट," ते म्हणाले. "भात उन्हावर शिजला नाही. बाळंतीण नाही, बाळ नाही. मी खोटं बोललो. मला हे झाड हवंय. मी आलो तेव्हा तुमच्या दवाखान्यात कुणी येत नव्हतं, ह्याच्या बुंध्याशी येत होते. हे गेलं तर मलाही इथे करमायचं नाही." आणि त्यांनी आंबापोळीपासून जवळ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

शेटचा चेहरा लाल झाला. "म्हणजे लाकूड जाळलंतच शेवटी!"

"लाकूड कुठलं? चुडतं हायत माझी," गोदा दारातून म्हणाली. तिला इतका वेळ गप्प बसणं जड गेलं होतं. "शेट, तुमच्या पेट्या भात शिजवायच्या न्हाईतच. त्या वाळवणाच्या. त्या आमाला द्या. जिचं वाळवण पेटीत, तिनं चुडताचा एक भारा नि टोपलीभर सोडणं सगुणाबायला आनून द्यायची. माडाखाली कुजूनच जातात मेली."

"आणि पावसाळ्यात?" शेटनी व्यापाऱ्यासारखं विचारलं.

"तेवढी आताच भरून ठेवू. डाक्तरांनी खोली चुना लावून मोकळीच केलीय."

येसूबाई पदराआड हसल्या. "अहो, कबूल करा. लाकूड लागत नाही, झाड राहतं. आणि भात तर तुम्ही दोनदा घेतलात."

शेट थोडा वेळ दाढ कोरत बसले. वर पाहिलं, खाली पाहिलं, डॉक्टरांच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं. "बरं, राहू दे फणस," ते म्हणाले.

तेवढ्यात वरून काहीतरी सुटलं. धप्प! अँबॅसिडरच्या टपावर बरका फणस फुटला. पिवळेजर्द गरे काचेवरून घरंगळत बॉनेटपर्यंत आले आणि अंगणभर वास सुटला. ड्रायव्हर उभा, डॉक्टर उभे, सगुणाबाई खिडकीत. आत्ता दिलेला शब्द शेट आत्ताच मागे घेतात की काय!

शेट सावकाश उठले. गाडीला एक फेरी घातली. पोचा चाचपला. मग बॉनेटवरचा एक गरा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "तेल आणा हाताला. चीक फार आहे. आणि आठळ्या टाकू नका कुणी, मुंबईला न्यायच्यात." मग ते जरा घुटमळले आणि आवाज खाली आणून गोदाला म्हणाले, "काय गो, त्या पेटीत आठळ्या वाळतील ना?"

"वाळतील की," गोदा म्हणाली. "पन उद्याचा नंबर सगुणाबायचा. परवा आना. येताना चुडतं इसरू नका."