शिरगावकरांचा कळप

शिरगावकर आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा चपला काढण्याआधीच त्यांनी विचारलं, "मोठा रस्ता इथून किती लांब?" मी जहाजावरचा इंजिनिअर. मला वाटलं, ह्यांना आमचा फ्लॅट विकत घ्यायचाय.

तसं नव्हतं. इथे सिंगापुरात, बुओना व्हिस्टा भागातल्या एका संस्थेत ते एल्कवर संशोधन करतात. एल्क म्हणजे थंड मुलखातलं, घोड्याएवढं थोराड हरीण. जिथून ते नाहीसं झालं, तिथे परत नेऊन सोडलं तर टिकेल का, हे नकाशांवरून ठरवायचं. चारा, पाणी, आडोसा, मोठ्या रस्त्यापासूनचं अंतर, प्रत्येकाला दहापैकी गुण. स्वतः शिरगावकरांनी एल्क अजून पाहिलेला नाही. इथे पाहणार तरी कुठे म्हणा!

गुण द्यायची खोड मात्र अंगात मुरली. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, हातात ट्रे घेऊन पुटपुटतील, "आडोसा सहा, पाणी आठ." माझी मुलगी म्हणते, "अंकल सो ब्लर, लाह!" म्हणजे इथल्या बोलीत, अगदीच वेंधळे.

गेल्या महिन्यात तर कहर झाला. आमच्या इमारतीखाली टेप घेऊन ते बाकांची उंची मोजत होते. लिफ्टपासूनची पावलं मोजली. मग वर येऊन माझ्या आईला विचारलं, "काकू, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं हो?"

एल्क भाकरी खातो की काय? मी चक्रावलो.

"अहो, एल्कला बाक कशाला?"

"निरीक्षण चालू आहे," एवढंच उत्तर. ते त्यांचं ठरलेलं वाक्य.

परवा रविवारी कागद घेऊन आले. सगळीकडे नऊ, दहा. चेहरा मात्र पडलेला.

"गेल्या वर्षी माझ्या घरालाही एवढेच गुण होते, तरी टिकली नाही हो."

"कोण?"

"आई. मिरजेहून आणली होती. बाराव्या दिवशी म्हणाली, मला परत नेऊन सोड." त्यांनी चष्मा पुसला. "एक रकाना मी मांडलाच नव्हता. एकटा सोडलेला एल्क राहत नाही, कळप लागतो. रोज लोकांना हेच सांगतो मी, आणि घरी विसरलो."

ते माझ्या आईकडे वळले. ती सोफ्यावर मटार सोलत बसली होती.

"काकू, दुपारी तुम्ही घरी एकट्याच असता का?"

आईचे हात थांबले.

"असते की," ती म्हणाली. "रोजच असते. आण बाबा तुझ्या आईला, लवकर आण."

आईला इथे येऊन तीन वर्षं झाली. हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.