दावीदचा तापट फ्लॅश आणि मंगळीबाईंचे डोळे

सुज्ञ वाचकहो! नवापूर तालुक्यातील एका लग्नघरी कॅमेऱ्याच्या प्रखर उजेडाला मवाळ करण्याचा जो खटाटोप झाला, आणि त्यापायी दोन हजार जीव ज्या संकटात सापडले, त्याची साद्यंत हकीकत मी आज आपणांपुढे निवेदन करीत आहे. हकीकतीत सल्ला देणारे एक गृहस्थ येतील. त्यांचे नाव मी शेवटापर्यंत सांगणार नाही. त्यास कारण आहे. घरची माणसे आमच्या बोलीत बोलली, ते मी शाळेत शिकलेल्या मराठीत आणले आहे. नथ्थू मंडपवाल्याचे बोलणे मात्र तसेच ठेवले. तो कोरीट गावचा, त्याची अहिराणी काढून घेतली तर नथ्थू म्हणून काही उरत नाही!

तर, दावीद गावित हा आमच्या भागातील छायाचित्रकार. हात कुशल, स्वभाव उमदा, परंतु त्याचा फ्लॅश महातापट! सुरतेहून जुना घेतलेला. त्याचा उजेड कमी करण्याचे बटण पहिल्याच पावसाळ्यात निकामी झाले, आणि तेव्हापासून तो एकच गोष्ट जाणत होता: पूर्ण ताकद! गेल्या वर्षीच्या एका बाप्तिस्म्याच्या फोटोत बाळ सापडत नव्हते, नुसते झबले दिसत होते. माणसांचे चेहरे तर पिठाच्या डब्यात तोंड बुडवून वर काढल्यासारखे!

अशा दावीदला इमॅन्युएलकाकांनी आपल्या मुलीच्या, म्हणजे ग्रेसीच्या, लग्नाचे काम दिले. इमॅन्युएलकाका म्हणजे शेती आणि कोंबड्यांचे शेड असलेला, मोजके बोलणारा माणूस. परंतु त्या दिवशी बोलली ती ग्रेसी. तिने भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून दावीदपुढे मांडल्या. आईवडिलांचे लग्न, काकांचे लग्न, चार-पाच नाताळ. प्रत्येकीत मध्यभागी तिची आजी मंगळीबाई, आणि प्रत्येकीत आजीचे डोळे गच्च मिटलेले! मान किंचित झुकलेली, हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले.

"दावीददादा," ग्रेसी म्हणाली, "आजीचा उघड्या डोळ्यांचा एकसुद्धा फोटो नाही आमच्याकडे. मी आता व्याऱ्याला सासरी जाणार. आजी ऐंशीच्या पुढची. मला एकच फोटो दे, ज्यात ती माझ्याकडे बघतेय."

"फ्लॅश सोसत नाही तिला," आई प्रिस्किलाबाई म्हणाल्या. "लखकन उजेड पडला की डोळे मिटतात अन् मान खाली जाते."

"जमत नसेल तर आत्ताच सांग," काका म्हणाले. "सुरतचा फोटोवाला आहे माझ्या साडूच्या ओळखीचा."

सुरतचे नाव दावीदला परवडणारे नव्हते. पुढच्या उन्हाळ्यातील तीन लग्ने याच घराण्यातील होती. तो ताडकन उभा राहिला. "काका! आजींचे डोळे उघडे आले नाहीत, तर मी कॅमेरा विकून तुमच्या शेडात दाणे टाकीन!"

वाचकहो, हे वाक्य ध्यानात असू द्यावे.

उजेड मऊ करणारी छत्री-पेटी विकत घेणे दावीदच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून त्याने घरीच संशोधन आरंभले, आणि प्रयोगासाठी बसवले पत्नीला, रिनाला. प्रथम त्याने फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधला. रुमाल कुणाच्या तरी हळदीतून आलेला होता. रिना अशी पिवळी आली की शेजारणीने काविळीचे झाडपाल्याचे औषध आणून दिले! मग दुधाची रिकामी पिशवी बांधली. पिशवीवरची निळी छपाई रिनाच्या गालांवर उतरली, आणि ती तापीतून नुकतीच बाहेर काढल्यासारखी दिसू लागली.

"काल पिवळी, आज निळी," रिना म्हणाली. "उद्या हिरवी करा अन् झाडावर सोडून या मला!"

अखेर तेलाचा पांढरा कॅन कापून, त्याचा तळ फ्लॅशवर टोपीसारखा बसवल्यावर काम साधले. उजेड निम्म्याहून कमी झाला आणि चेहऱ्यावर अलगद पसरला. "ही टोपी म्हणजे माझी अब्रू आहे!" असे म्हणून दावीदने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी चर्चमधील विधी सुंदर झाला. चर्चच्या खिडक्या मोठ्या. फ्लॅश लागलाच नाही. घरच्यांचा फोटो मात्र अंगणात, जेवणे उरकल्यावर काढायचा ठरला. जेवणे उरकत आली तेव्हा दिवस मावळतीला गेला होता. वऱ्हाडाची गाडी सात वाजता सुटणार होती. दावीदने पिशवी उघडली. वर्तमानपत्र होते. टोपी नव्हती!

तो वेड्यासारखा धावला. मंडपाच्या टोकाला वाढपी शेवटच्या पंगतीत मठ्ठा वाढत होता. कशाने? दावीदच्या अब्रूने!

"भारी माप आहे हे," वाढपी कौतुकाने म्हणाला. "एका बुडवणीत एक पेला भरतो!"

टोपीला मध्यभागी तडा गेला होता. अंगणात मंगळीबाईंना खुर्चीवर आणून बसवले होते, ग्रेसी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि उजेड भरभर ओसरत होता. दावीदने भोवती पाहिले. मंडपाचे पांढरे कापड! त्याने खिशातून कात्री काढली.

"आरे भाऊ, हाई काय करी ऱ्हायना तू?" नथ्थू बाजेवरून किंचाळला. "मन्हा मांडव शे तो, तुन्हा रुमाल नही!"

"वीतभर कापड दे नथ्थूभाऊ, माझ्या पोटावर पाय येतोय!"

"आनी मन्हा मांडवना पोटले भोक पाडशी? नही म्हंजे नही!"

नेमक्या याच क्षणी ते गृहस्थ पुढे झाले, ज्यांचे नाव मी सांगणार नाही. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचले होते की उजेड थेट माणसावर न टाकता पांढऱ्या भिंतीवर टाकावा; तो आपटून मऊ होऊन परत येतो. ते गंभीरपणे म्हणाले, "दावीद, एवढा मोठा पांढरा पडदा डोळ्यांसमोर असताना चिंध्या काय शोधतोस? फ्लॅशचे तोंड तिकडे फिरव!"

अंगणाच्या कडेला कोंबड्यांचे शेड होते. जाळीवरून सोडलेला त्याचा पांढराशुभ्र पडदा लग्नासाठी कालच धुतला होता. साठ फूट लांब! दावीदने फ्लॅशची मान वळवली आणि प्रयोगादाखल बटण दाबले. काय तो उजेड! माथ्यावरून ओंजळीने दूध ओतावे तसा सर्वांच्या चेहऱ्यांवर सांडला. दावीदच्या डोळ्यांत पाणी आले.

"सगळे शांत व्हा!" तो गरजला. "कोणी बोलू नका! कोणी हलू नका!"

अंगण चिडीचूप झाले. लख्ख! दावीदने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. चेहरे गोजिरे, ग्रेसी परीसारखी. मंगळीबाईंचे डोळे मिटलेले!

"पुन्हा! एकदम शांत!" लख्ख! मिटलेले.

गाडीच्या चालकाने भोंगा वाजवला. नवरदेवाच्या मामांनी घड्याळ पाहिले. आजीच्या खांद्यावरची ग्रेसीची बोटे घट्ट झाली. दावीदला वाटले, उजेड अजून मवाळ हवा. तो मागे सरकत शेडच्या पडद्याला जवळजवळ टेकला. त्याच्या पाठीमागून सुपात धान्य पाखडल्यासारखी सरसर ऐकू येत होती; तिकडे त्याचे लक्ष नव्हते. इमॅन्युएलकाकांचे होते.

"दावीद..." काका ओळीत ताठ उभे राहून पुटपुटले.

"काका, हलू नका!"

"अरे, पण शेडात..."

"काका, ओठ हलतात! फोटोत तोंड वाकडे येईल!" लख्ख! मिटलेले.

सरसर आता थांबली होती. वाचकहो, तेच वाईट होते! शेडात दहा-बारा दिवसांची दोन हजार पिले होती. अंधाऱ्या शेडात अचानक वीज चमकली की पिले भिऊन एका कोपऱ्यात धावतात आणि एकमेकांवर चढतात. वरची वाचतात, खालची गुदमरतात. हे दावीदला ठाऊक, त्या गृहस्थांना ठाऊक, नवापूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. परंतु त्या घटकेला दोघांनाही तो पडदा म्हणजे केवळ पांढरे कापड दिसत होते. त्याच्यामागे कोण राहते, याचा सपशेल विसर पडला होता!

दावीदने पाचव्यांदा बटणावर बोट टेकवले.

"पिलं चढली!" काकांनी आरोळी ठोकली. सारे लग्नघर शेडाकडे धावत सुटले, दावीद दचकला, बटण दाबले गेले, लख्ख झाले, आणि तोही धावला.

आत कोपऱ्यात गुडघाभर ढीग झाला होता. वरची पिले चिवचिवत होती. खालून आवाज नव्हता.

"वरून उचलू नका, बाजूने मोकळी करा!" काका ओरडले. नवरदेव नव्या कोटासह भुशात गुडघे टेकून बसला. प्रिस्किलाबाईंनी पदराचा झोळणा केला. ग्रेसीने डोक्यावरचे पांढरे जाळीचे वस्त्र ओढून काढले आणि त्यात वीस-वीस पिले भरून दुसऱ्या टोकाला सोडू लागली. नथ्थू आपली टोपी भरून धावत होता. "सरका! देखा ना भो, पायखाले शे!" दावीद पोटावर आडवा पडून हातांनी वाट करीत होता. ओंजळीत येणारे प्रत्येक पिलू गरम होते, आणि ते हलते की नाही हे पाहीपर्यंत त्याचा श्वास अडकत होता.

तळाची चाळीस-पन्नास पिले निपचित होती. कोणीतरी पडदा उचलला. वारा आला. काका एकेकाला फुंकर घालीत होते. एक हलले. मग दुसरे. अखेरचे ग्रेसीच्या तळहातावर मान टाकून पडले होते. सारे त्याच्याकडे पाहत राहिले. दावीदने मनोमन सुरतच्या फोटोवाल्याला सगळी लग्ने देऊन टाकली. इतक्यात त्या पिलाने एक डोळा उघडला, आणि ग्रेसीच्या मेंदीवर शिटले!

"जगलं!" काका म्हणाले आणि मटकन भुशात बसले.

दोन हजारांत एकही दगावले नाही. सर्वजण बाहेर आले तेव्हा वऱ्हाडाच्या कपड्यांना भुसा आणि पिसे चिकटली होती. मंगळीबाई तेवढ्या खुर्चीवर एकट्याच बसून होत्या. काका दावीदकडे वळले. त्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. दावीदने ढाल धरावी तसा कॅमेरा पुढे केला, आणि पडद्यावरचा शेवटचा फोटो पाहून काकांचे तोंड तसेच उघडे राहिले.

फोटोत नवरदेवाच्या बुटाचा तळवा होता. काकांचे कोपर होते. ग्रेसीचे उडते वस्त्र होते. आणि मधोमध, मवाळ उजेडात न्हालेल्या मंगळीबाई, डोळे टक्क उघडे, सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत होत्या. सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ! ग्रेसीने कॅमेरा छातीशी धरला आणि ती रडू लागली.

"पाहिलंत काका?" दावीदचा आवाज परत आला. "मी म्हटलं नव्हतं? मवाळ उजेड! सारी करामत मवाळ उजेडाची!"

"कसला उजेड?" मंगळीबाई म्हणाल्या.

"आजी, फ्लॅशने तुझे डोळे मिटतात ना, म्हणून..." ग्रेसी म्हणाली.

"माझे डोळे फ्लॅशने मिटतात, असं कोण म्हणालं? मला कोणी विचारलंय कधी?" म्हातारी रागावली. "तुम्ही सगळे ओळीने उभे राहता. एक जण पुढे येऊन शांत व्हा म्हणतो. सगळे गप्प होतात. मग मी प्रार्थना करते."

ग्रेसी कॅमेरा घेऊन आजीच्या खुर्चीपाशी वाकली.

"प्रत्येक फोटोला?" ग्रेसीने विचारले.

"प्रत्येक फोटोला. देवा, या पोराचा फोटो नीट येऊ दे, म्हणून." त्यांनी दावीदकडे बोट दाखवले. "आज आमेन म्हणायच्या आतच पळालात तुम्ही!"

तो फोटो आता व्याऱ्याला भिंतीवर आहे. डोळे उघडे आले, म्हणून दावीदला कॅमेरा विकावा लागला नाही. दाणे मात्र त्याने आठवडाभर टाकले, कारण भेदरलेली पिले खाण्याजवळ फिरकेनात आणि काकांचा आदेश मोडण्याची त्याची छाती झाली नाही. सकाळी दाण्याचे एक टोपले दावीद उचलत असे, आणि दुसरे टोपले ते सल्ला देणारे गृहस्थ.

टोपले भरल्यावर फार जड होते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आपण ही हकीकत शेवटापर्यंत वाचलीत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
योहान छगन वसावे
शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत, ता. नवापूर